रंगविलेल्या पडद्याचे ऋण



जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात नाटक उभे राही, तेव्हा नटाआधी नजर खिळे ती रंगविलेल्या पडद्यावर. चित्रप्रदर्शन कधीही न पाहिलेल्या कित्येकांना चित्रकलेचे पहिले दर्शन तेथेच घडले.

चित्रकारानेही रंगभूमीकडून पुष्कळ घेतले. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे रंगविले. सपाट कापडावर महालाची खोली भासवावी, दिव्यांच्या उजेडात रंग खुलावेत, शेवटच्या रांगेलाही चित्र कळावे, अशी ती कसोटी होती. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. चित्रकाराची दृष्टी आता हलत्या चित्राला लाभली.

हा ओघ अद्याप आटलेला नाही. नलिनी मलानी यांनी २००० साली हायनर म्यूलर यांच्या नाटकावरून ‘हॅम्लेटमशीन’ ही चलच्चित्रांची मांडणी केली. तेथे प्रेक्षक जणू रंगमंचावरच पाऊल ठेवतो.

परंतु रंगभूमीचे वैभव नाशवंत आहे. केशवरावांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत भस्मसात झाले. आपल्या देवस्थानाच्या कोठीत जुना पडदा गुंडाळून पडला असल्यास वाळवीपूर्वी तो उलगडावा, छायाचित्र घ्यावे आणि रंगविणाऱ्याचे नाव वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावे. देवाच्या दागिन्यांची यादी आपण ठेवतो. त्या यादीत या पडद्यालाही एक ओळ मिळावी.