वसईचे मठ आणि आपला विहार

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या वर्धापनदिनी ख्रिस्ती मठांचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर बाबासाहेबांकडेच आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्धधम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. विद्या आणि सेवा या दोन्ही बाबतीत भिक्खू संघ कमी पडतो, असं त्यांनी त्यात स्पष्ट सांगितलं. ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेसुइटांकडून, काही गोष्टी घ्याव्यात असंही सुचवलं. हे जेसुइट कोण, असं आमच्या अभ्यासवर्गात एका मुलीने विचारलं. आम्हाला धड सांगता आलं नाही. मग ठरवलं, वसईला जाऊनच पाहायचं. दिव्याला गाडी बदलली की वसई काही लांब नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या मागोमाग संन्याशांचे संघ आले. आधी फ्रान्सिस्कन, मग जेसुइट, पुढे डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन. एवढ्याशा किल्ल्यात प्रत्येकाचा मठ वेगळा, चर्च वेगळं. आज तिथे छप्पर नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली थडग्यांचे कोरीव दगड आहेत. जेसुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत मात्र अजून ताठ उभी आहे.

या संन्याशांनी शाळा चालवल्या आणि लोकांची भाषा शिकून घेतली. थॉमस स्टीफन्स हा जेसुइट मूळचा इंग्लंडचा. १५७९ साली तो गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीछंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. परका माणूस आपल्या ओवीत ग्रंथ लिहितो, आणि आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो पण पालीचा अर्थ विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे संघ राजसत्तेच्या आधाराने वाढले. गावांची उत्पन्नं त्यांच्याकडे गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यावर फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारलं. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाचा जाच सुरू झाला. आणि उच्चनीचता त्यांच्यातही होतीच. गोन्सालो गार्सिया हा वसईचा मुलगा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेसुइटांनी त्याला वाढवलं, शिकवलं, जपानला नेलं. तिथे त्याने त्यांचं काम केलं, तरी त्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. त्या काळी इथे जन्मलेल्यांना हे संघ सहसा आत घेतच नसत. शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्याला घेतलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ साली पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. जिवंतपणी दार बंद आणि मेल्यावर संतपद! इथे आम्हाला भगवान बुद्धांची आठवण झाली. न्हावी उपाली आणि सफाई करणारा सुनीत यांना त्यांनी दोन हजार वर्षं आधीच संघात घेतलं होतं.

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. परदेशी संन्यासी निघून गेले, मठ ओस पडले. १७५९ साली तर खुद्द पोर्तुगालच्या राजाने जेसुइटांना आपल्या मुलखातून हाकललं. म्हणजे सत्तेने दिलेलं सत्तेनेच काढून घेतलं. पण वसईचा ख्रिस्ती समाज संपला का? नाही. गावातले साधे धर्मगुरू आणि घरातल्या बायाबापड्यांनी तो टिकवला. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

मंडळी, आता आपल्याकडे वळा. वसईच्या शेजारीच सोपारा. तिथे सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, १८८२ साली स्तूपातून अवशेषांचा करंडक निघाला. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या उपासकांची नोंद आहे. कल्याण म्हणजे आपलं शेजारचं स्टेशन! पण त्या उपासकांची परंपरा कुठे आहे? तुटली. वसईला इमारती पडल्या, माणसं राहिली. कान्हेरीला लेणी राहिली, माणसं राहिली नाहीत. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्म परत दिला नसता, तर आपण त्या लेण्यांत फक्त सहलीला गेलो असतो.

म्हणून राग येईल, पण बोलतो. गेल्या वर्षी आपण विहारात नवी फरशी बसवली, कमान रंगवली. वर्गणी झटकन जमली. रविवारच्या अभ्यासवर्गाला मात्र सात मुलं येतात. कपाटातले ग्रंथ कुलपात आहेत आणि किल्ली कुणाकडे ते विचारावं लागतं. फरशी चांगलीच आहे, पण धम्म फरशीवर टिकत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. विद्या आणि सेवा, हे त्यांनी आधी करून दाखवलं आणि मग लिहिलं.

आमची विनंती छोटी आहे. प्रत्येक घरातून एकाने रविवारी एक तास द्यावा. जो शिकलेला आहे त्याने शिकवावं, जो नाही त्याने मुलांना हाताला धरून आणावं. कपाटाची किल्ली आजपासून खिळ्याला टांगलेली राहील, तेवढं आम्ही बघतो.

जयभीम! नमो बुद्धाय!