चपलीवर नाव कुणाचं?

(युवक मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



अध्यक्षांनी माझी ओळख कवी म्हणून करून दिली. ती अर्धी. उरलेली अर्धी अशी की मी गोदीत कंत्राटी कामगार आहे आणि शिक्षण मॅट्रिक. धंद्यावर बोलायला मला उभं केलं, कारण वस्तीतली पोरं मोबाईलवर माल विकायला लागलीत आणि मालाखालचा मजकूर लिहून घ्यायला माझ्याकडं येतात. कवितेला कुणी छदाम देत नाही, पण 'रॉयल लूक, प्रीमियम क्वालिटी' याच्या जागी धड दोन ओळी लिहून दिल्या की चहा पाजतात. त्या चहाच्या बळावर बोलतो.

विषय असा दिलाय की ऑनलाईन बाजारात छोट्या विक्रेत्यानं उठून कसं दिसायचं. शंभर मालांवर बोललो तर एकाही मालाबद्दल बोललो असं होणार नाही. म्हणून एकच माल घेतो. कोल्हापुरी चप्पल. तिकडची माणसं पायताण म्हणतात.

आता मोबाईल काढा आणि कोल्हापुरी म्हणून शोधा. पानामागून पान येईल. रेक्झिनची कोल्हापुरी, फोमची कोल्हापुरी, यंत्रावर ठोकलेली कोल्हापुरी. फोटो एकच, दुकानं वीस. आणि त्यांच्या मधे कुठंतरी तळाला आपला पोरगा. त्याच्याकडं खरं चामडं आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेलं. पण काचेवर खरं चामडं आणि रेक्झिन सारखंच चमकतं. वास येत नाही, करकर ऐकू येत नाही. बोटाला दिसतो तो फक्त भाव. मग पोरगा काय करतो? भाव पाडतो. इथंच तो मरतो.

कसा मरतो ते हिशेबानं सांगतो. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही आपापले घाला. समजा जोड ८०० ला विकला. चामडं आणि इतर सामान ३००, कारागिराची मजुरी २००, खोका-पिशवी ३०, कुरियर ८०, मोठ्या दुकानाचं कमिशन आणि फी १२०. झाले ७३०. हातात ७० राहिले. पण दहा जोड पाठवले की दोन परत येतात. कुणी दारात पार्सल घेतच नाही, कुणाला चप्पल घट्ट होते. परत आलेल्या जोडाचं जाण्याचं ८० आणि येण्याचं ८०, दोन्ही तुमच्या बोडक्यावर. म्हणजे आठ जोडांचे मिळाले ५६०, दोन परताव्यांत गेले ३२०. दहा जोडांच्या उलाढालीत उरले २४०. आणि हे माल धड परत आला तर!

आता भाव ५० रुपयांनी पाडा. कमिशन थोडं उतरेल, ते सोडून द्या. जोडामागं २० उरतात. आठाचे १६०, परताव्याचे गेले ३२०. म्हणजे १६० रुपये खिशातून घालून तुम्ही दुसऱ्याच्या पायात चप्पल घातली. कंपनीवाल्याला हे परवडतं, त्याची थैली मोठी आहे. तो वर्षभर तोट्यात विकेल आणि तुम्ही संपलात की भाव चढवेल. स्वस्तपणाच्या कुस्तीत छोट्यानं उतरायचंच नाही. तो आखाडा आपला नाही.

आता तेच गणित उलटं करा. भाव तोच ठेवला, पण दोनाऐवजी एकच जोड परत आला. नऊ जोडांचे ६३०, परताव्याचे गेले १६०. उरले ४७०. जवळजवळ दुप्पट! भाव एक पैसा न हलवता. मग प्रश्न असा की परतावा कमी कसा करायचा. चप्पल परत येते ती बहुतेक मापापायी. सात, आठ, नऊ हे आकडे कारखान्याचे. कारागीर काय करत आला? गिऱ्हाईकाचा पाय बघत आला. हीच गोष्ट यंत्राला जमत नाही, म्हणून तीच दुकानात मांडायची.

गिऱ्हाईकाला सांगा: संध्याकाळी माप घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. ए-फोर कागद जमिनीवर ठेवा, त्यावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाची कड मारा. दोन्ही पायांची, कारण दोन पाय सारखे नसतात. टाच ते सगळ्यात लांब बोट सेंटिमीटरमध्ये मोजून लिहा. पंजाची रुंदी लिहा. मग अख्खा कागद दिसेल असा वरून फोटो पाठवा. कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, त्यावरून लिहिलेलं माप खरं की खोटं ते कळतं. ज्यानं एवढा खटाटोप केला, तो दारात पार्सल नाकारत नाही. पाय त्याचा आहे, चप्पल त्याच्यासाठी बेतलेली आहे. मापाची चप्पल म्हणून थोडे पैसे आधी मागितले तरी तो देतो.

दुसरं म्हणजे खोटं बोलू नका, आणि खरं बोलायला लाजू नका. मजकुरात स्पष्ट लिहा की ही चप्पल पहिले आठ दिवस चावेल. पावसात घालू नका. भिजली तर सावलीत वाळवा, कोरडी पडली तर तेलाचं बोट फिरवा. पोरं म्हणतात, असं लिहिलं तर घेणार कोण? अरे, ज्याला हे चालत नाही तो घेणारच नाही, म्हणजे परतही पाठवणार नाही! आणि ज्याला चालतं त्याचा तुमच्या उरलेल्या शब्दांवरही विश्वास बसतो. फोटो दिवसाच्या उजेडात, दारात काढा. चप्पल उलटी करून तळ दाखवा, शिवण दाखवा, कान दाखवा, वेणी जवळून दाखवा. रेक्झिनवाला तळ दाखवत नाही.

तिसरं, दुरुस्ती. अंगठा तुटला तर पाठवून द्या, बसवून देऊ, असं लिहा. ३०० च्या चपलीचा मालक तुटलेला अंगठा कुणाकडं पाठवणार? दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे न सुटणारं गिऱ्हाईक. त्याचं नाव, माप, त्यानं काय घेतलं, हे वहीत लिहून ठेवा. मोठ्या दुकानातलं गिऱ्हाईक दुकानाचं असतं. उद्या त्यांनी तुमचं खातं बंद केलं तर तुमच्याकडं काय राहील? वही. पुढचा जोड तो सरळ तुमच्या फोनवर मागवेल, यूपीआयनं पैसे टाकेल, आणि ते १२० रुपये वाचतील.

कायद्याचं थोडक्यात. राज्यातल्या राज्यात मोठ्या ऑनलाईन दुकानांवरून माल विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर. पॅन आणि पोर्टलवरचा नावनोंदणी क्रमांक लागतो. राज्याबाहेर पाठवायचं तर आधी जाणकाराला विचारा. दुसरं, २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कुठला माल वर आणि कुठला खाली, हे कशावरून ठरतं ते त्या दुकानांनी साध्या भाषेत सांगायचं आहे. ते पान शोधून वाचा. विक्रेत्यानं स्वतःच गिऱ्हाईक बनून शेरे लिहायला त्याच नियमांत बंदी आहे. मावसभावाकडून पाच तारे लिहून घेणारे इथं बसलेत, त्यांनी ऐकून ठेवावं.

आता मुद्द्याचं. मला खरं बोलायचंय ते नावाबद्दल.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल पोरांच्या पायात घालून चालवली. नाव दिलं चामड्याची सँडल. ना कोल्हापूर, ना कारागीर. इकडं बोंब झाली तेव्हा कंपनीनं कबूल केलं की प्रेरणा इथली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड इथं बनवायचे, एकेक जोड सुमारे ८०० युरोला विकायचा, असं जाहीर झालं. ८०० युरो! सुभाषनगरातला म्हातारा जन्मभर वाकून जी वेणी घालतो तीच वेणी. चामडं बदललं नाही, नाव बदललं की किंमत कुठल्या कुठं गेली. मग नाव म्हणजे काय भानगड आहे, ते आपण नीट समजून घ्यायला नको?

या नावाला कायद्याचं कुंपण आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला नोंद करता येते. ज्याच्याकडून माल घेता त्याची नोंद आहे का विचारा. नसेल तर करायला मदत करा, फॉर्म भरता येतो ना तुम्हाला? आणि तो कागद दुकानात लावा. रेक्झिनवाला तो लावू शकत नाही.

पण कुंपण जिल्ह्याला आहे, माणसाला नाही. ढोरानं चामडं पकवलं, चांभारानं चप्पल केली, त्याच्या बायकोनं वेणी घातली. आणि दुकानाच्या पाटीवर राजवाडा, तलवार, फेटा. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला हे खरंच आहे, पण हात दिला तो कुणाला? त्या माणसाचं नाव चपलीवर का नाही? आपलीच पोरं दुकानाला 'हेरिटेज' नाव देतात आणि आडनाव झाकतात, कारण आडनाव वाचून गिऱ्हाईक पळेल ही भीती. भीती खोटी नाही. मी त्यांना भेकड म्हणणार नाही, पोट त्यांना आहे. पण सुधीर राजभर या कलाकारानं मुंबईत 'चमार' हेच नाव लावून पिशव्या विकायला काढल्या. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली, चामड्याचं काम करणाऱ्यांचे हात रिकामे झाले, तेव्हा त्यांच्याच हातांनी जुन्या रबराच्या वस्तू केल्या. जी शिवी होती ती पाटी झाली आणि माल परदेशात गेला. सगळ्यांनी तसंच करावं असं नाही. पण झाकल्यानंच धंदा होतो, हे त्यानं खोटं पाडलं.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येक जोडाबरोबर एक चिठ्ठी घाला. चप्पल कुणी केली, वेणी कुणी घातली, गाव कुठलं, किती दिवस लागले, आणि मजुरी किती दिली. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच. मजुरीचा आकडा लिहा म्हटलं की आपले विक्रेते खाली बघायला लागतात. का? मोठ्या दलालाला शिव्या द्यायच्या आणि मोबाईल हातात आला की स्वतःच छोटा दलाल व्हायचं? गावच्या म्हाताऱ्याला २०० टेकवून शहरात क्रांतीची भाषा करायची? मी गोदीत तेच बघतो, साहेब. मुकादम आपलाच असतो, आणि टोळीची मजुरी त्याच्याच खिशात बारीक होते. तुमच्या चिठ्ठीवर मजुरी लिहायला लाज वाटत असेल तर चिठ्ठी नका बदलू, मजुरी बदला. वाढवलेली मजुरी गिऱ्हाईकाला दाखवता येते. रेक्झिनवाल्याला ती दाखवता येत नाही. बाजारात तुमचं वेगळेपण म्हणतात ते हेच, दुसरं कुठलं?

एक मित्र मघाशी चिडून म्हणाला, १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा सांगितलं, आणि तू आम्हाला परत चामड्याकडं नेतोस? प्रश्न बरोबर आहे. बाप बसला म्हणून कुठल्याही पोरानं रापीला बसू नये, असंच मला वाटतं. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं, चामड्याला हात लावू नये. पण जो आज बसलाय, त्याचा भाव त्यानं ठरवावा की मिलाननं, एवढाच माझा मुद्दा आहे. गावकीत भाव त्यानं ठरवला नव्हता. तिथं भाव नव्हताच, बलुतं होतं.

एकट्यानं हे सगळं झेपत नाही. फोटो काढणारा एक, माप तपासणारा एक, खोकी बांधणारे दोन, हिशेब लिहिणारी एक, अशी पाच-सहा जणांनी एकत्र मोट बांधा. पाटी एक ठेवा, पण आत प्रत्येक कारागिराचं नाव वेगळं. कुरियरवाल्याशी भावाची घासाघीस दहा जोडांवर होत नाही, दोनशे जोडांवर होते. नफ्याची वाटणी आधीच कागदावर लिहा, नंतर दोस्ती तुटते.

चिठ्ठ्यांचा मजकूर मी लिहून देईन, फुकट. विशेषणं घालणार नाही, हे आधीच सांगतो. मापाचे कागद दाराशी ठेवलेत. ज्यांना चप्पल विकायची आहे त्यांनी जाताना आधी स्वतःच्या पायाचं माप घेऊन बघावं. किती ठिकाणी चुकतं ते कळेल, मग गिऱ्हाईकाला सांगता येईल.

जय भीम.