आबांची हेराल्ड
(१९९६ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘शाळेनंतर केलेलं एक काम’. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलले तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल. म्हणून मी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधल्या गाडीबद्दल बोलणार आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी लहानपणी त्या बंद गाडीत बसून तोंडानं हॉर्न वाजवत तुळजापूर गाठलेलं आहे, त्यामुळे ओळख करून द्यायची फारशी गरज नाही.

तरी गुरुजनांसाठी थोडं सांगते. आमचे आबा बार्शीला एका आडत व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. मालकांनी १९६६ साली स्टँडर्ड हेराल्ड घेतली, दोन दारांची. आबांनी ती बावीस वर्षं चालवली. येरमाळ्याची चैत्री यात्रा, तुळजापूर, पंढरपूर, सोलापूरची बाजारपेठ, सगळं त्याच गाडीतून. मालक वारले, मुलांनी मारुती घेतली आणि हेराल्ड आबांना देऊन टाकली. कागद मात्र मालकांच्याच नावावर राहिले. आबांनी ती तेरखेड्याला आणली, वर्ष-दीड वर्ष चालवली आणि १९९० मध्ये शेडमध्ये लावली ती लावलीच.

आता या गाडीबद्दल, जे आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं. हेराल्ड मूळची इंग्लंडची. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं १९५९ मध्ये ती काढली. तिचा आकार इटलीतल्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी काढला. त्या काळात बहुतेक कंपन्या चेसिस आणि बॉडी एकसंध करायला लागल्या होत्या. ट्रायम्फला ते जमेना, कारण त्यांना बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला होता. मग त्यांनी वेगळी चेसिस ठेवली आणि तुकड्यातुकड्यांची बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवली. याच चेसिसची लांबी कमी करून १९६२ मध्ये त्यांनी स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्स कार काढली. स्पिटफायर आपल्याकडे तयार झाली नाही. हेराल्ड मात्र १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बनवली. त्यामुळे आपल्या भागात स्पोर्ट्स कार म्हणायची तर हीच! इंजिन ९४८ सीसी. पंचवीस फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळायची. आणि दोन्ही मडगार्डसकट अख्खं नाक पुढे उलटायचं, तुम्ही त्याला मगरीचा जबडा म्हणायचात. त्या जबड्याचा फायदा मला चाळिशीत कळला. पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं, वाकावं लागत नाही.

आमच्या घरी या गाडीला आणखी एक महत्त्व आहे. ३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. पहाटे चारच्या सुमाराला भांडी खडखडली, सगळं गाव रस्त्यावर आलं आणि उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरच्या बातम्या यायला लागल्या. त्यानंतर कित्येक रात्री कुणी घरात झोपलं नाही, तुम्हाला आठवत असेल. आम्ही तिघी बहिणी त्या हेराल्डमध्ये झोपायचो. आबा बाहेर बाजेवर. भंगारवाला पुढे तीनदा येऊन वजनावर भाव करून गेला, पण आईनं गाडी दिली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी आले. दिवसभर कॉल, मीटिंग. संध्याकाळी करायला काही नाही. आबांना काचबिंदू झाला होता, एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा. ते दिवसभर शेडजवळ बाजेवर बसून असत. एकदा मी शेडमधली ज्वारीची पोती बाजूला काढायला लागले. आबा म्हणाले, “काय करायलीस?” म्हटलं, “गाडी बघते.” म्हणाले, “बघायचं असंल तर नीट बघ. आधी खालून बघ.”

एक सांगते. आमच्या घरात मुलीनं पान्याला हात लावू नये असं कधी कुणी म्हटलं नाही. पण माझ्या हातात कधी कुणी पाना दिलाही नाही. विज्ञानाच्या बाईंनी चार स्ट्रोकच्या इंजिनची आकृती काढायला लावली होती, त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते. पुढे इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पण पिस्टन प्रत्यक्ष हातात घेतला तो चाळिसाव्या वर्षी.

आबांनी ‘खालून बघ’ का म्हटलं ते खाली शिरल्यावर कळलं. या गाडीचा जीव चेसिसमध्ये. तीच सडली असेल तर वरचं सगळं व्यर्थ. आमची चेसिस दोन ठिकाणी सोडली तर ठणठणीत होती. मुंबईत तीस वर्षं उभी असती तर चाळण झाली असती. दुष्काळानं आपलं पुष्कळ नेलं, पण ही चेसिस वाचवली ती त्याच कोरड्या हवेनं.

इंजिन जाम होतं. आबांच्या सांगण्यावरून प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग टॉपचा गियर टाकून गाडी मागेपुढे हलवायची, रोज थोडी थोडी. अकराव्या दिवशी ‘कट्’ आवाज आला. आबा बाजेवरून ओरडले, “सुटलं!” मला अजून कळलंही नव्हतं.

पान्यांचं वेगळंच. या गाडीचे बोल्ट इंचात. आपल्याकडचे पाने मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या बोल्टला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की बोल्टचे कोपरे गोल होतात. आबांची जुनी पेटी माळ्यावरून काढली, तिच्यात सगळे इंची पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. तीस वर्षांपूर्वी ठेवताना त्यांनी ते पुसून ठेवले होते.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं होतं. हे काम मात्र माझ्या जातीचं. इंग्लंडच्या लुकास कंपनीनं वायरींचे रंग ठरवून दिलेले आहेत. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, पांढरी चावी फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी तीच पण फ्यूजमधून, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. कापडानं मळ पुसला की रंग दिसायचा आणि रंग दिसला की वायर कुठून कुठे जाते ते समजायचं. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी पुढच्या माणसासाठी नीट नोंद ठेवली होती. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना ठेवतो त्याच्यापेक्षा चांगली. एकच सावधगिरी, या गाडीत बॅटरीचा प्लस अर्थ केलेला असतो. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट.

पण काही गोष्टींची नोंद कुठेच नव्हती. गाडीच्या डेलकोमध्ये पॉइंट असतात, त्यांची फट नेमकी हवी, नाहीतर ठिणगी नीट पडत नाही. माझ्याकडे फिलर गेज नव्हता आणि दुकानं बंद. आबा म्हणाले, “दाढीची चार जुनी पाती आण. एकावर एक ठेव. तेवढी फट.” मी तशी लावली. नंतर मॅन्युअल मिळालं. त्यात लिहिलंय ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. दाढीचं पातं असतं साधारण ०.१ मिलिमीटर. चार पाती, ०.४! हे आबांना कुणी शिकवलं, विचारलं. म्हणाले, “सोलापूरच्या मिस्त्रीनं.” त्याचं नाव त्यांना आठवलं नाही.

टायमिंगचंही तसंच. पिस्टन पूर्ण वर यायच्या थोडं आधी ठिणगी का पाडायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आबांनी ते तेरखेड्याच्या भाषेत सांगितलं. “वात पेटवली की दारू लगेच उडती का? वातीला वेळ लागतो. पेट्रोलला पण लागतो. मग आधी पेटवाया नको?” आणि गाडी पळायला लागली की पिस्टन घाईनं वर येतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. त्यासाठी डेलकोत दोन वजनं असतात, वेगानं ती फाकतात आणि ठिणगी अलीकडे आणतात. फटाक्यांच्या गावातल्या माणसाला हे समजावून सांगायला आकृतीची गरजच नाही.

अनलॉक झाल्यावर बार्शीच्या लेथवर रिबोर केलं, पिस्टन-रिंगा बदलल्या. ऑफिसमधले मित्र म्हणायचे, सगळं काढून टाक, इलेक्ट्रिक मोटर बसव. मला ते करायचं नव्हतं, पण सगळं जुनं तसंच ठेवायचा हट्टही नव्हता. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्वच्या सीटा झिजू देत नसे. २००० सालापासून देशभर शिसं बंद झालं, म्हणून कडक सीटा बसवल्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्यासारख्या भागातल्या उसाचं. ते जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलला. ब्रेकचं सगळं रबर नवं. सीटबेल्ट लावले, जे तिला कधीच नव्हते. रंग मात्र तोच ठेवला, फिकट हिरवा.

एकूण खर्च आला दोन लाख पंच्याऐंशी हजार. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी ऐकून लोकांना वाटतं हौस फुकट होते. वेळ गेला पावणेदोन वर्षं.

जानेवारी २०२२ मध्ये ती चालू झाली. पहिल्यांदा सेल्फनं नाही, हँडल मारून. सगळे टाळ्या वाजवत होते आणि आबा हातानं गप्प बसा म्हणून खुणावत होते. त्यांनी डिसमिस मागितला. त्याचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, एकेक जागा ऐकत गेले आणि म्हणाले, “तिसऱ्याचा टॅपेट ढिला हाय.” इंजिन थंड झाल्यावर मी गेज लावून बघितलं. पाहिजे होतं ०.२५ मिलिमीटर, निघालं ०.३५. एक दशांश मिलिमीटर, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसानं कानानं पकडला.

आज गाडी शाळेच्या मैदानावर उभी आहे. टेम्पोवरून आणली आहे, कारण कागद अजून पूर्ण व्हायचे आहेत. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नोंदणी दहा वर्षांची असते, जुना नंबर असेल तर तो राहतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणायची. मालकांच्या तिन्ही मुलांच्या सह्या मिळाल्या गेल्या वर्षी. शेवटची सही देताना थोरले म्हणाले, “आमच्या वडिलांपेक्षा तुमच्या आबांनाच ती जास्त ओळखायची.”

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी बोलायला उभी राहिले.

काम करताना आबा जे सांगायचे ते मी रोज रात्री वहीत लिहायचे. दोनशे पानी तीन वह्या झाल्या. तेव्हा ते मला विसरायला नको म्हणून लिहीत होते. गेल्या वर्षापासून आबांची आठवण जायला लागली आहे. मला बऱ्याचदा ते बहिणीच्या नावानं हाक मारतात. परवा मी त्यांना चार पात्यांबद्दल विचारलं, तर म्हणाले, “कसली पाती?” म्हणजे चाळीस वर्षांच्या कामातलं जे काही वहीत उतरलं, तेवढंच आता शिल्लक आहे. मालकांनी नवी गाडी घेतली त्या वर्षी, किंवा आईनं भंगारवाल्याला परत पाठवलं त्या वर्षी मी विचारलं असतं तर आणखी दहा वह्या झाल्या असत्या. पण तेव्हा आबांना काही विचारण्यासारखं येतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही येत नव्हतं. ते ड्रायव्हर होते, बस्स.

आपल्या प्रत्येकाच्या घरात असं कुणीतरी आहे. वातीची लांबी नुसत्या बोटांनी ठरवणारी मावशी आहे. ढोल कसायचं माहीत असलेले काका आहेत. आड खोदणारे, नांगराचा फाळ शेवटणारे, पाटा टाकणारे आहेत. घरी गेल्यावर एक वही घ्या आणि त्यांच्या शेजारी बसा. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण त्यांच्या हातात त्यांचं काम देऊन विचारा. रिकाम्या हातानं माणसाला फारसं आठवत नाही, हे मी शेडमध्ये बघितलंय.

वह्यांची एक प्रत मी शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे, वर्षातून एक रविवार नववीच्या मुलामुलींना माझ्याकडे पाठवा. डेलको उघडू, प्लग काढू, टॅपेट लावू. पहिला पाना मुलींच्या हातात देऊ.

जेवणाला अजून वेळ आहे. ज्यांना जबडा उघडून बघायचाय त्यांनी मैदानात यावं. आबा तिथेच गाडीजवळ खुर्चीवर बसलेत. तुमचं नाव त्यांना आठवणार नाही, पण जवळ जाऊन इंजिनाबद्दल काही विचारा. सकाळी त्यांना ठीक वाटत होतं.