सांगाड्याचा सांगाडा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून चक्कर मारलीत, तर ‘जिग’ हा शब्द तुमच्या कानावर चार-दोनदा तरी पडेल. मराठीत त्याला चपखल शब्द मला सापडलेला नाही. साचा म्हणावं, तर साच्यात वितळलेला धातू ओततात. जिगमध्ये काहीच ओतत नाहीत. जिग फक्त धरून ठेवते. ज्या वस्तू जोडायच्या त्या जिथल्या तिथे, हलू न देता, जोडणी पुरी होईपर्यंत धरणं एवढंच तिचं काम. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला धावदोरा आठवतो. फरक इतकाच, की धावदोरा उसवून टाकतात आणि जिग पुढच्या कामासाठी उभीच राहते.

श्रोतेहो, माझा भाचा वेल्डर आहे. त्याचे अब्बा, म्हणजे आमचे दुल्हाभाई, तेही वेल्डर. चाळीस वर्षांचा हात. वाकलेली चासी साखळीनं बांधून, जॅकनं रेटून, एक डोळा मिटून सरळ करणारे. या घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, पूर्वी तिथं आपाच्या शेळ्या असत. त्या शेडमध्ये भाच्यानं मोटारसायकलची फ्रेम बनवायची जिग घरच्या घरी बांधायला घेतली, तेव्हा दुल्हाभाईंना तो सरळसरळ अपमान वाटला. ‘‘माझा डोळा काय फुटलाय?’’ एवढं म्हणून ते जेवायला गेले. मी बी. ए. झालेला माणूस, पान्याशी माझा संबंध टेप धरण्यापुरता. पण त्या घरात दोघांशीही बोलणारा मी एकटा उरलो होतो, त्यामुळे काम पाहायला मिळालं.

भाच्याला फ्रेम हवी होती मातीतल्या शर्यतीसाठी. इंजिन होतं जुन्या यामाहा आरएक्स १००चं. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे निघालेली ही गाडी आजही पोरांच्या स्वप्नात फट्‌फट्‌ करते. आणि या फ्रेमवर पहिल्यांदा बसणार होता त्याचा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ. म्हणून तर जिगचा हट्ट. ‘‘मामू, गिऱ्हाईकाची गाडी जरा डावीकडं ओढली तर तो परत येऊन शिव्या देतो. हा परत आलाच नाही तर?’’ असं तो म्हणाला, आणि ते आपाच्या कानावर जाऊ नये एवढीच काळजी मी घेतली.

भंगारबाजारातून सहा इंची आय-बीमचा सात फुटी तुकडा आला. वजन तीस किलोच्या वर. तो सरळ आहे का हे पाहायची युक्ती मला फार आवडली. दोन्ही टोकांना एकाच जाडीच्या दोन पट्ट्या लावायच्या, त्यांवरून कडेनं बारीक तार ताणायची, आणि मग तशीच तिसरी पट्टी तार आणि बीम यांच्यामधून मधोमध सरकवून बघायची. तारेला नुसती चाटून गेली तर बीम सरळ. घट्ट बसली किंवा सैल पडली, तर त्याच्या पोटात बाक आहे. वरची बाजू मात्र गल्लीतल्या एका कारखान्यातून मशीनवर सपाट करून आणली, कारण आडव्या तारेला थोडा झोळ येतोच. मग खाली उंची कमी-जास्त करणारे बोल्ट, वर पाणसळ, आणि मधोमध सुईनं ओढलेली एक रेघ. पुढची सगळी मापं त्या रेघेपासून. गझल लिहिणारे मतल्यात एकदा वृत्त, काफिया, रदीफ ठरवतात आणि त्याला ‘जमीन’ म्हणतात. पुढचा प्रत्येक शेर त्या जमिनीवर उभा. भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘हां, पण तुमच्या जमिनीला गंज चढत नाही.’’

बीमवर तीन खांब. मधला खांब मागच्या चाकाचा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, जिथं हलतो त्या बोल्टाचा. तो आधी पक्का करायचा. मागचा खांब चाकाच्या आसाचा. पुढचा सगळ्यात मानी, कारण तो हँडलची नळी धरतो. लेथवर काढलेले दोन शंकू नळीच्या दोन्ही तोंडांत बसवायचे आणि मधून आट्यांची सळई घालून आवळायचे, म्हणजे नळी आपोआप मधोमध येते. खांब वेल्ड करायचे नाहीत, खाचेत सरकवून बोल्टानं कसायचे. उद्या दुसरी गाडी आली तर? इंजिनाच्या जागी आतला माल काढलेलं पोकळ इंजिन टांगायचं, त्यावरून पकडी ठरवायच्या आणि पुढचं-मागचं चेनचक्र एका ओळीत येतंय का हेही तिथंच बघून घ्यायचं.

आता एवढा आटापिटा कशासाठी? हँडलची नळी उभी नसते, मागे कललेली असते. ती रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर जिथं टेकेल, त्याच्या थोडं मागे पुढचं चाक जमिनीला टेकतं. या मधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक जसं आपल्या दांड्यामागं फरफटत सरळ होतं, तशीच गाडी या अंतरामुळं सरळ राहते. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, चिमट्याचा पुढावा ४५ आणि कल २६ अंश धरला, तर ट्रेल सुमारे ९६ मिलिमीटर येतो. कल २७ झाला की १०२. एका अंशात सहा मिलिमीटर, आणि हँडल हलकं की जड हे तेवढ्यात बदलतं. हा झाला पुढं-मागं फरक. नळी एक अंशानं बाजूला झुकली, तर साडेआठशे मिलिमीटर खाली, जमिनीवर, पुढचं चाक पंधरा मिलिमीटर सरकलेलं असतं. दोन चाकं दोन वाटांनी चालली आहेत आणि वर आपलं पोर बसलंय.

घरी किंवा छोट्या कारखान्यात बसून फ्रेम करणारे जगात पुष्कळ झाले. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसनं आखलेली ‘फेदरबेड’ फ्रेम नॉर्टन कंपनीनं १९५० साली शर्यतीत उतरवली आणि त्या वर्षी आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत जेफ ड्यूकनं तिच्यावर जिंकली. इंजिन जुन्याच वळणाचं होतं, नवा होता तो सांगाडा.

वेल्डिंगच्या दिवशी दुल्हाभाई शेडमध्ये आले. कुणी बोलावलं नव्हतं. नळ्यांची टोकं माशाच्या तोंडासारखी कापून एकमेकींवर बसवली होती. कागदाचा नमुना गुंडाळून आखलेलं आणि ग्राइंडरनं काढलेलं. त्यांनी फटीतून बॅटरी मारून पाहिली, हुंकार दिला आणि मुलाच्या हातातून टॉर्च घेतली. आधी प्रत्येक जोडाला समोरासमोर चार टाके. मग डावीकडे इंचभर, उजवीकडे इंचभर, पुढं, मागं. एका बाजूनं सरळ ओढत गेलं, की थंड होताना वेल्ड आकसतो आणि नळीला आपल्याकडं खेचतो. जिग तिला धरून ठेवते, पण आतली ओढ जिग काढू शकत नाही. पाणी मारायचं नाही. रात्रभर तसंच गार होऊ दिलं.

सकाळी शंकू सैल केले आणि नळी किंचित उडाली. आसाजवळ मोजलं तर दोन मिलिमीटर. भाचा मटकन खाली बसला. दुल्हाभाईंनी गॅस पेटवला, उलट्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लाल केला आणि सोडून दिला. तो गार होताना फ्रेम त्या बाजूला आकसली. पुन्हा दुसरा ठिपका, थोडा लहान. कुठं आणि किती तापवायचं हे कुठल्या मापावर लिहिलेलं नव्हतं. पण सुधारलं किती, हे मात्र जिगवरच कळलं : अर्धा मिलिमीटर राहिला. ‘‘बास,’’ ते म्हणाले. त्या दिवशी दोघं एका ताटात जेवले.

ऐकणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. अशी फ्रेम सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. चासीचा नंबर सांगाड्यावर कोरलेला असतो, त्यावरच गाडीची नोंदणी उभी असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं अशा बदलांना मज्जाव केला आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. मैदान, शेत, शर्यत, बस्स. आणि स्वस्त मिळते म्हणून नळाची जस्त चढवलेली पाइप वापरू नका. तिचा पांढरा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप भरतो.

धाकट्यानं गाडी पहिल्यांदा चालवली ती ऊस तुटलेल्या एका रानात. मध्येच दोन्ही हात सोडले. आपानं तोंडावर पदर घेतला, थोरल्यानं शिवी हासडली, गाडी सरळ गेली.

त्यानंतरची गोष्ट जास्त अवघड आहे. आता लोक अपघातातल्या गाड्या घेऊन येतात. गेल्या महिन्यात एक दूधवाला आला; दोन्ही बाजूंना कॅन लावून रोज पहाटे तीस किलोमीटर जाणारा. चासी पूर्वीसारखी जॅकनं सरळ करून द्या, म्हणाला. फ्रेम सुटी करून जिगवर चढवली. हँडलच्या नळीपाशी केसाएवढी चीर होती आणि नळी बाजूला दीड अंश. भाच्यानं सांगितलं, ही ओढायची नाही, कंपनीची नवी फ्रेम घाला, आरटीओत नोंद करा. खर्च ऐकून माणूस भडकला. तुझा बाप असताना दोनशे रुपयांत काम व्हायचं, म्हणाला. भाच्यानं वडिलांकडं पाहिलं.

दुल्हाभाईंनी चष्मा पुसला, त्या चिरेवर खडूनं एक गोल काढला आणि म्हणाले, ‘‘तेव्हा मला हे दिसत नव्हतं.’’ दूधवाला गाडी टेम्पोत टाकून घेऊन गेला. नवी फ्रेम घातली की दुसऱ्या कुणाकडून ओढून घेतली, ते अजून कळलेलं नाही. भाचा पहाटे दुधाच्या वेळेला रस्त्यावर येऊन उभा राहतो.