सुताराचा हात आणि विजेची करवत

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी सुरक्षा सप्ताह पाळला जातो. सातपूर व अंबडच्या कारखान्यांतून या काळात फलक लागतात, शपथा घेतल्या जातात. परंतु विजेवर चालणारी करवत आता केवळ कारखान्यात राहिलेली नाही. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरात नव्या सदनिकेत फर्निचरचे काम निघाले की तेथेही ती दिवसभर फिरत असते. तेथे सुरक्षा अधिकारी नसतो आणि फलकही नसतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मी वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा हिशेबापासून आरंभ करतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट आणि एका हाताची चारही बोटे गमावल्यास ५० टक्के घट धरण्यात आली होती. कायद्याला कोठेतरी आकडा लिहावा लागतो, हे खरे. पण पटाशी धरायची, रंधा मारायचा, खिळा पकडायचा, तर अंगठ्यावाचून चालत नाही. सुताराचे नुकसान त्या आकड्यात मावत नाही. शिवाय भरपाई मालकाकडून मिळते. स्वतःच्या हिमतीवर कामे घेणाऱ्या मिस्त्रीने ती कोणाकडे मागावी?

आमच्या अस्थिरोग विभागातही विजेची एक करवत आहे. प्लास्टर कापताना तिचा आवाज ऐकून लहान मुले घाबरतात, आईवडीलही घाबरतात. परंतु तिचे पाते गरगर फिरत नाही, अगदी थोड्या अंतरात मागेपुढे थरथरते. कठीण प्लास्टर कापले जाते, मऊ त्वचा मात्र पात्यासोबत हलते आणि योग्य रीतीने वापरल्यास सहसा कापली जात नाही. सुताराच्या पात्याचे तसे नाही.

प्लायवुड कापण्यासाठी आपल्याकडे सर्रास मार्बल कटर वापरतात. त्याचे सुमारे ११० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते. हिशेब केला तर पात्याचा दात ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जातो. हात मागे घेण्याइतका अवधी मनुष्याला मिळतच नाही. हे यंत्र मुळात फरशीसाठी बनविलेले आहे. लाकडाच्या करवतीला पाते झाकणारा, आपोआप परत येणारा गार्ड असतो. तसा याला सहसा नसतो. लाकडासाठी लाकडाचीच करवत घ्यावी. ग्राइंडरला दातांचे पाते तर कधीही लावू नये.

अनेक अपघातांमागे झटका असतो. कापताना लाकडाची चीर मिटते, पाते त्यात आवळले जाते आणि यंत्र किंवा लाकूड जोराने कारागिराच्या अंगावर उसळते. टेबलावरच्या करवतीत यासाठीच पात्यामागे पोलादी पट्टी उभी असते. ती चीर मिटू देत नाही. ती पट्टी व वरचा गार्ड ‘कामात अडथळा येतो’ म्हणून काढून ठेवू नयेत. पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. अरुंद तुकडा बोटांनी न ढकलता काठीने ढकलावा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, सैल बाही, अंगठी नको. पाते त्यांना धरून हात आत ओढते. डोळ्यांना चष्मा असावा. पाते बदलण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आच्छादन बंधनकारक केले. पण आपली सदनिका म्हणजे कारखाना नव्हे. म्हणून तेथली जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची आमची आहे. सुताराला पुरेसा उजेड, मजबूत टेबल आणि अर्थिंग असलेला प्लग द्यावा. उघड्या वायरी सॉकेटात खोचू देऊ नयेत. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. आणि वास्तुशांतीचा मुहूर्त गाठण्यासाठी थकलेल्या माणसाला रात्री उशिरापर्यंत करवतीवर उभे करू नये. मुहूर्त पुन्हा काढता येतो.

एवढे करूनही अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना, कॉफी काही भरू नये. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया कोठे होते याची दूरध्वनीवर खात्री करावी. तुटलेला अंगठा जोडण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये १९६५ साली यशस्वी झाली. आज ती आपल्याकडेही होते. पण बोट योग्य रीतीने आणि वेळेत आणले तरच.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपल्या औदार्यामुळे येथे गरीब रुग्णाच्या जखमेवर उपचार होतात. त्याबद्दल संस्था ऋणी आहे. आज आपणांकडे एक निराळी देणगी मागतो. आपल्या घरी किंवा दुकानात सुतारकाम सुरू असेल, तर उद्या सकाळी तेथे जाऊन करवतीचा गार्ड जागेवर आहे की नाही, एवढे पाहावे. नसेल तर तो बसेपर्यंत काम थांबवावे आणि त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नये.