समजल्याशिवाय पुढे पाठवू नये



आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. व्हॉट्सॲपचे फायदे आणि तोटे.

आधी फायदे. आपण पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे, पण मुले आता पुण्याला, बेंगळुरूला, परदेशी आहेत. पूर्वी पत्राच्या उत्तराला आठ-पंधरा दिवस लागत. घाईच्या निरोपाला तार होती, तीही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज नातवाचे पहिले पाऊल आजी इथे बसून बघते. आरतीची वेळ, अथर्वशीर्ष पठणाची सूचना, कोणाला तातडीने रक्त हवे असल्याचा निरोप, यासाठी घरोघरी फिरावे लागत नाही.

आपल्या मुलांना शाळेत मराठी नाही, पण हिंदीमुळे देवनागरी येते. त्यांनी आजी-आजोबांना इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीत रोज दोन ओळी लिहिल्या, तर घरातली मराठी टिकेल.

आता तोटे. वेळ जातो, झोप जाते. आम्हा सरकारी कर्मचाऱ्यांना तर रविवारीही ग्रुपवर माहिती मागितली जाते. कोणी वारले की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून आपण मोकळे होतो, दारापर्यंत जाणारे कमी झाले.

पण सर्वांत मोठा तोटा अफवांचा. मुंबईला जाताना आपल्याला धुळे जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा मोबाइलवर पसरले होते. ते पाठवणाऱ्या बहुतेकांना वाटले असेल, आपण लोकांना सावध करतो आहोत. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण पाचांचे पंचवीस आणि पंचवीसांचे सव्वाशे व्हायला वेळ लागत नाही. खरी मर्यादा आपल्यालाच घालावी लागेल.

ती कशी घालावी, हे आपल्या बाप्पाच्याच कथेत आहे. महाभारत लिहून घेताना गणपतीने अट घातली, ‘माझी लेखणी थांबता कामा नये.’ व्यासांनी उलट अट घातली, ‘अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही.’ आपल्या बोटांना पहिली अट पाठ आहे, दुसरी आपण विसरलो.

म्हणून या उत्सवात एवढे ठरवू. जी गोष्ट या माइकसमोर उभे राहून, स्वतःच्या नावाने, सर्वांदेखत सांगता येणार नाही, ती पुढे पाठवायची नाही. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचे, ‘काका, हे तुम्हाला कोणी सांगितले?’ आणि दुःखाची बातमी आली, तर संदेश लिहून झाल्यावर चपला घालून त्या घरी जायचे.

गणपती बाप्पा मोरया!