अपुऱ्या दिवसांचे बालक व मातेचे दूध

आपल्या वाईकर घरांतून सातव्या महिन्यातच सून प्रसूत झाली, की वडीलधारी मंडळी बालकास मध चाटविण्याची घाई करितात आणि मातेचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकावयास सांगतात. ही रूढी आम्हांस घातक वाटते. दीड किलोहून हलक्या बालकाचे आतडे फार कोवळे असते. वरच्या दुधाने ते सुजून सडण्याचा धोका वाढतो. चिकात रोगप्रतिबंधक द्रव्ये असतात. अपुऱ्या दिवसांच्या मातेच्या दुधात तर प्रथिनेही अधिक असतात. निसर्गाची केवढी ही तरतूद! बालकास चोखता येत नसेल, तर रुग्णालयात तेच दूध पिळून नळीने थोडेथोडे देतात.

मातेस दूध पुरेसे न आल्यास काय करावे? मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापिली. इतर मातांनी दिलेले दूध अशा पेढीत ६२.५ अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून, जंतुपरीक्षा करून गोठवितात.

ते दूध कोणत्या ज्ञातीचे, अशी पृच्छा एका वृद्ध सभासदांनी आम्हांपाशी केली. बालकाच्या आतड्यास ज्ञाती कळत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. मात्र शेजारणीचे दूध न तपासता परस्पर पाजू नये. आणि मुंबईस असलेल्या आपल्या लेकीसुनांनी, स्वतःचे बालक पोटभर पिऊन दूध उरत असल्यास, ते पेढीस अवश्य द्यावे.